अनुभव धागा : पालिका आणि सरकारी रुग्णालयांविरुद्ध तक्रार, मुदती कुठे निसटतात? (ठाणे-नवी मुंबई)

तक्रारदारांचे अर्ज लिहून देणाऱ्या, सुनावणीला सोबत जाणाऱ्या मंडळींनी इथे लिहावे. किस्से नकोत. कुठला अर्ज, किती दिवसांत, कुठे अडतो, एवढेच.

चरईकर
आधी रुग्णालय कोणाचे ते पाहा. कळव्याचे महापालिकेचे, ठाण्याचे सिव्हिल राज्य सरकारचे. भरपाईचा दिवाणी दावा लावायचा तर इथेच वाटा फुटतात. पालिकेविरुद्ध महानगरपालिका अधिनियमाचे कलम ४८७ आडवे येते : लेखी नोटीस, मग एक महिना थांबणे आणि दावा मात्र दाव्याचे कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत. नोटीस चौथ्या महिन्यातच गेलेली बरी. राज्य सरकारला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते. लोक आयुक्तांकडे अर्ज देऊन चौकशी समितीची वाट बघत बसतात आणि सहा महिने तिथेच सरतात. अर्ज दिल्याने मुदत थांबत नाही, हे कोणीच सांगत नाही याचा संताप येतो.

नेरूळची
कागदांशिवाय पुढचे काहीच हलत नाही. वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे अर्ज करा. त्यात इनडोअर (दाखल रुग्णाचा) क्रमांक, दाखल आणि डिस्चार्जची तारीख लिहा. 'रिपोर्ट द्यावेत' एवढेच लिहिलेत तर डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स हातात पडते. म्हणून एकेक नाव घ्या : डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, नर्सिंग चार्ट, औषधांचा तक्ता, ऑपरेशन आणि भुलेच्या नोंदी, संमतीपत्र. अर्ज वॉर्डातल्या सिस्टरकडे ठेवू नका. आवक विभागात द्या, दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. नातेवाईक अर्ज करणार असेल तर रुग्णाचे अधिकारपत्र जोडा.

कागद ७२ तासांत द्यायचे असतात. इनडोअर कागद जपण्याची सक्ती उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षांची आहे, तेव्हा 'नंतर बघू' नको. ७२ तास उलटले की माहिती अधिकाराचा अर्ज टाका : १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांत. उत्तराला ३० दिवस. नाही आले तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील, दुसऱ्याला ९० दिवस. दुसरे अपील फार रेंगाळते. मूळ तक्रार त्यावर अडवून ठेवू नका.

वागळे इस्टेट
ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षे. पण सगळ्यांनाच मोफत उपचार देणारे रुग्णालय त्या कायद्यात बसत नाही, केसपेपरचे पैसे भरले असले तरी (सर्वोच्च न्यायालय, १९९५). १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाची रुग्णालये मोफत आहेत, त्यामुळे तिथल्या उपचारांसाठी हे दार बंद धरून चला. काहींकडून शुल्क आणि काहींना मोफत असेल, तर मोफतवालाही ग्राहक. म्हणून पालिका रुग्णालयातली प्रत्येक पावती जपा. ईएसआय (कामगार राज्य विमा) रुग्णालयातला विमाधारक कामगारही ग्राहक ठरतो. नवी मुंबईकरांना कोकण भवनातला आयोग जवळ पडतो.

घणसोली
दोन मुदती फार जणांच्या हातून जातात. नसबंदी फसली तर कुटुंब नियोजन भरपाईचा दावा गर्भधारणा लक्षात आल्यापासून ९० दिवसांत करायचा. ऑपरेशनची तारीख इथे धरत नाहीत. सोनोग्राफीचा कागद आणि नसबंदीचे प्रमाणपत्र लगेच जोडा. दुसरी, मानवी हक्क आयोग : घटनेपासून एक वर्ष.

मृत्यूबद्दल शंका असेल तर मुदत तासांची असते. मृतदेह ताब्यात घेण्याआधीच शवविच्छेदनाची लेखी मागणी पोलिसांकडे करा. अंत्यसंस्कारानंतर तो पुरावा परत मिळत नाही.

कोपरी_पूर्व
ग्राहक आयोगाची दोन वर्षे उलटून गेली असतील तर?

वागळे इस्टेट
तक्रारीसोबतच विलंबमाफीचा वेगळा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र द्या. उशिराचा काळ तारखेनिशी मांडा : कधी दाखल होतो, कागद कधी मागितले, कधी मिळाले. नुसते 'चौकशी चालू होती' लिहिले तर अर्ज टिकत नाही. नेरूळची यांनी सांगितलेला आवकचा शिक्का इथे कामी येतो.