वाढीव मावेज्यात वकिलाचे चार आणे: फी की भागीदारी?

तेरणाकाठ
आमचं दोन एकर चौदा गुंठे गावच्या साठवण तलावात गेलं. ताबा 1995 चा, निवाडा 1997 चा. मावेज्याचा, म्हणजे नुकसानभरपाईचा, दर लावला एकरी 35 हजार. पैसे उचलताना सहीजवळ 'तक्रार राखून' असं लिहा, हे अण्णांना गावातल्याच एका शहाण्या माणसानं सांगितलं म्हणून पुढचं सगळं घडू शकलं. तालुक्याच्या वकीलसाहेबांनी भूसंपादन कायद्याच्या कलम 18 चा, म्हणजे मावेजा वाढवून मागायचा, अर्ज केला. फीचं विचारलं तर म्हणाले, 'आत्ता एक रुपया देऊ नका. मावेजा वाढला तर रुपयात चार आणे माझे.' सगळं तोंडी.

2011 ला दिवाणी न्यायालयानं दर एकरी 1 लाख 55 हजार केला. सरकार खंडपीठात अपिलात गेलं. 2018 ला लोकअदालतीत तडजोड झाली. व्याजातलं काही सोडून 16 लाख 80 हजार जमा झाले. कोर्टाशेजारच्या बँकेत अण्णांचं खातं वकीलसाहेबांच्या मुन्शीनंच, म्हणजे कारकुनानंच, काढून ठेवलं होतं आणि कोऱ्या चेकवर सह्याही आधीच घेतल्या होत्या. घरी आले 9 लाख 75 हजार.

चार आण्याच्या हिशोबानं वकिलाचे होतात 4 लाख 20 हजार. उरलेले 2 लाख 85 हजार 'खर्च'. कसला, त्याचा कागद नाही. अण्णा म्हणतात, त्यांच्यामुळंच मिळालं, आता उकरून काढू नको. मला 'खर्चा'चा राग आहेच, पण त्याहून मोठा प्रश्न असा आहे की वकिलानं पक्षकाराच्या मावेज्यात वाटेकरी व्हावं का?

काळा_कोट
तालुक्याच्या कोर्टात 22 वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितो. कोऱ्या चेकवर सह्या घेणं ही भामटेगिरी आहे. त्याचं समर्थन मी करणार नाही.

पण टक्केवारीला शिव्या देण्याआधी 1997 चा शेतकरी डोळ्यापुढं आणा. जमीन गेलेली, हातात आलेले पैसे लग्नात आणि सावकारात संपलेले. रेफरन्स, म्हणजे हा कलम 18 चा दावा, चालवायचा तर आजूबाजूच्या खरेदीखतांच्या नकला काढा, नकाशा काढा, विहीर आणि झाडं असतील तर मूल्यांकन करणाऱ्याची फी भरा, साक्षीदाराला जिल्ह्याला न्या, त्याच्या जेवणाचं बघा. हे सगळं वकिलाच्या खिशातून जायचं. आणि दावा फेटाळला गेला तर? माझ्या कपाटात फेटाळलेल्या रेफरन्सच्या फाईली आहेत, त्यांची फी मला कुणी दिलेली नाही, मी मागितलीही नाही. जिंकलेल्या दहांनी हरलेल्या पाचांचा भार उचलायचा, हा अलिखित व्यवहार होता. तो नसता तर निम्म्या मराठवाड्याचा वाढीव मावेजा मुदत टळूनच मेला असता.

हिशेबी_माणूस
बँकेतून निवृत्त. जुना 1894 चा भूसंपादन कायदा आणि कोर्टानं वाढवलेली रक्कम फक्त 1 लाख, असं धरून ढोबळ हिशोब मांडतो. त्यावर जमीन सक्तीनं गेल्याबद्दलची 30 टक्के दिलासा रक्कम, म्हणजे 30 हजार. अधिसूचनेपासून निवाडा किंवा ताबा, यांतलं जे आधी तोपर्यंत वर्षाला 12 टक्के. दोन वर्षं धरली तर 24 हजार. झाले 1 लाख 54 हजार. त्यावर ताबा घेतल्यापासून पहिल्या वर्षी 9 टक्के आणि पुढं दर वर्षी 15 टक्के सरळ व्याज. 20 वर्षांचं व्याज 294 टक्के, म्हणजे साधारण 4 लाख 53 हजार. एकूण 6 लाख 7 हजार.

याचे चार आणे काढा. दीड लाखाच्या वर जातात. कोर्टानं वाढवलेली मूळ रक्कम 1 लाख आणि वकिलाचा वाटा दीड लाख! युक्तिवाद केला तो दरावर, कमाई होते ती तारखांवर. वकीलसाहेब तारखा मुद्दाम घेतात असं मी म्हणत नाही, सरकारी बाजूच जास्त घेते. पण दावा लांबला की ज्याची फी आपोआप वाढते, त्याला लवकर निकालाची घाई का असावी?

बांधावरचा
तारीख पडली की आम्ही कपाळावर हात मारायचो. वकीलसाहेब हसायचे. आज कळलं का.

खंडपीठातली_नवखी
काळा_कोट सर, आदर ठेवून लिहिते. यात 'योग्य की अयोग्य' असा प्रश्नच उरलेला नाही. 1961 च्या अधिवक्ता अधिनियमाखाली बार कौन्सिल ऑफ इंडियानं जे आचारनियम केले, त्यातला 20 वा नियम सरळ आहे: दाव्याच्या निकालावर अवलंबून फी ठरवायची नाही आणि मिळणाऱ्या रकमेत वाटा घ्यायचा नाही.

हे नवंही नाही. 1954 चा निकाल आहे. मुंबईतल्या एका ज्येष्ठ वकिलानं वसुलीतला निम्मा हिस्सा फी म्हणून लिहून घेतला होता. निकालात त्यांचं नाव फक्त 'जी' एवढंच आहे. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की असा करार दुसऱ्या कुणी केला तर आपल्याकडे तो आपोआप बेकायदा ठरत नाही, पण वकिलानं केला तर ते व्यावसायिक गैरवर्तनच. 2017 चा निकाल तर शेजारच्या तेलंगणातल्या प्रकरणात आहे. अपघातात नवरा गेलेल्या बाईकडून नुकसानभरपाईच्या टक्केवारीपोटी वकिलानं चेक घेतला, तो वटला नाही म्हणून तिच्यावरच फौजदारी केस टाकली. सर्वोच्च न्यायालयानं ती केस रद्द केली. टक्केवारीच्या फीचा करारच सार्वजनिक धोरणाविरुद्ध, मग त्यापोटीचं देणं कुठलं?

काळा_कोट
ताई, नियम मलाही पाठ आहे. तुम्ही जे वाचलं त्यातच माझा मुद्दा आहे. गावचा सावकार, आडत्या, पुढारी, कुणीही दाव्यात पैसा लावून वाटा मागितला तर चालतं. आपल्या महाराष्ट्रात तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या 25 व्या आदेशात दाव्याला पैसा पुरवणाऱ्या तिऱ्हाइताची दखल घेणारी खास दुरुस्ती आहे. फक्त ज्याला दावा कळतो, त्यानंच पैसा लावायचा नाही. मग शेतकऱ्यानं सावकाराकडून काढून मला रोख फी द्यायची का?

खंडपीठातली_नवखी
सावकार आणि तुम्ही यांत फरक आहे, सर. सावकाराच्या वकिलपत्रावर अण्णांनी सही केलेली नसते. तडजोड करावी की लढावं, हे अण्णा सावकाराला विचारत नाहीत, तुम्हाला विचारतात. रकमेत तुमचाच वाटा असेल तर त्या सल्ल्यातला अण्णांचा किती आणि तुमचा किती, हे तुमचं तुम्हाला तरी सांगता येईल का?

तेरणाकाठ
ताई, नेमकं इथंच दुखतं. 2018 ला वकीलसाहेब घरी आले होते. ते घरी आल्याची ती एकच वेळ. म्हणाले, 'सरकार अपील मागं घ्यायला तयार आहे, व्याजातलं थोडं सोडा, लोकअदालतीत मिटवू.' लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं, हे अण्णांना कुणी सांगितलं नाही. आमच्या शेजारच्या गटातल्या दोघांनी मिटवलं नाही. 2022 ला सरकारचं अपील फेटाळलं गेलं आणि त्यांना पूर्ण व्याजासकट मिळालं. वकीलसाहेबांच्या घराचा वरचा मजला 2018 लाच चढत होता. त्याचा याच्याशी संबंध असेलच असं नाही. पण मनात येतं.

काळा_कोट
मनात येणारच. दुसरी बाजूही लिहा ना. 2018 ला अण्णांचं वय काय होतं? घरात लग्नाची मुलगी होती का? मी असे कितीतरी पक्षकार पाहिले, पूर्ण व्याजाची वाट बघत गेले आणि शेवटी वारसांचा अर्ज मलाच टाकावा लागला. त्या शेजाऱ्यांचं अपील उलटं लागलं असतं तर आज तुमचे अण्णा गावात शहाणे ठरले असते.

तेरणाकाठ
71 वय होतं. बहिणीचं लग्न त्याच वर्षी झालं, हेही खरं. तडजोड चुकलीच असं मी म्हणत नाही, सर. ती कुणासाठी केली एवढंच कळत नाही. वाटा नसता तर हा प्रश्न डोक्यात आलाच नसता.

जुना_मुन्शी
नाव सांगत न्हाई. 11 वर्षं एका वकिलाकडं मुन्शी होतो, आता दुकान हाय. खर्च कसा लागतो ते सांगतो. खातं काढताना फॉर्मवर मोबाईल नंबर पक्षकाराचा न्हाई, माझा टाकायचो. पैसं जमा झाल्याचा मेसेज मला यायचा, पक्षकाराला चार दिवसांनी निरोप जायचा. तवर वाटा निघालेला असायचा. चेकबुकं माझ्या पिशवीत, रबर लावून, गावाचं नाव लिहून. म्हातारी माणसं सही येगळी करतात म्हणून सगळ्या सह्या एकाच बैठकीला घ्यायच्या, चहा पाजून. 'खर्चा'त कधी नकलंचे पैसं असायचे, कधी कुणाकुणाचा चहापाणी, कधी माझी दिवाळी.

आमचे वकीलसाहेब वाईट न्हवते. माझ्या पोरीच्या दवाखान्याचं सगळं त्यांनीच केलं. पण हिशोबाची वही त्यांनी कधी घातली न्हाई, आन् कुण्या पक्षकारानं मागितली बी न्हाई.

बांधावरचा
मुन्शीभाऊ, लई मोठं काम केलं हे लिहून. माझा घरातला नंबर बँकेत जाऊन बघूलालो उद्याच.

सोयगावकर_सर
ग्राहक मंचात का जात नाही? सेवेतली त्रुटी सरळ दिसते आहे.

खंडपीठातली_नवखी
ते दार 14 मे 2024 ला बंद झालं, सर. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. गैरवर्तनाची तक्रार बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे करायची. तिथली शिस्तपालन समिती समज देऊ शकते, वकिलीची सनद काही काळ स्थगित करू शकते, किंवा वकिलांच्या यादीतून नावच कमी करू शकते. एक वर्षात निकाल दिला नाही तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं, असं कलम 36 ब म्हणतं.

हिशेबी_माणूस
म्हणजे वकिलाविरुद्ध तक्रार वकिलांकडे, आणि त्यासाठी तेरणाकाठच्या 70 पार माणसानं मुंबईला हेलपाटे घालायचे. डॉक्टरला ग्राहक मंच लागू, वकिलाला नाही. छान.

काळा_कोट
यावर माझ्याकडे उत्तर नाही. त्या निकालानं मीही खूश झालो होतो, हे कबूल करतो.

शिवारातला
तुमी सगळे शिकलेले हात, मी माझं सांगतो. माझं रान आता रस्त्यात गेलंय, म्हणून प्रकरण कोर्टात न्हाई, लवादापुढं हाय. गावात वकील फिरकत न्हाईत, दलाल फिरतात. मोटारसायकलवर येतात, स्टँपवर सही घेतात, 'वाढीव आलं की 30 टक्के'. त्यातला एक बी वकील न्हाई. त्याच्याविरुद्ध कुठं जायचं? सनद असती तर जाईल म्हणून भीती तरी असती. माझं म्हणणं, टक्का घ्यायचाच तर वकिलानं घ्यावा, पण कागदावर लिहून, आन् व्याजावर न्हाई, वाढलेल्या मूळ रकमेवर.

हिशेबी_माणूस
व्याजावर नाही! माझ्या मनातलं बोललात.

काळा_कोट
कायद्यानं परवानगी दिली तर मी उद्या लिहून देईन. वर एक मर्यादाही घाला. आज तसं लिहिलं तर तोच कागद माझ्याविरुद्ध पुरावा होतो, म्हणून सगळं तोंडी चालतं. आणि तोंडी चालतं म्हणूनच 2 लाख 85 हजार 'खर्च' निघतो. नियम कडक, म्हणून व्यवहार अंधारात.

खंडपीठातली_नवखी
सर, अंधारात करतो म्हणून दिवा लावून करू द्या, हे मला पटत नाही. उत्पन्न वर्षाला 3 लाखांच्या आत असेल तर मोफत वकील मिळतो. बाई असेल, अनुसूचित जाती-जमातीतली व्यक्ती असेल तर उत्पन्नाचीही अट नाही. विधी सेवा प्राधिकरणाची कार्यालयं जिल्ह्याला, तालुक्याला आहेत. अण्णांना 1997 मध्ये हे कुणी सांगितलं का? त्यांना सांगू शकणारा पहिला माणूस त्यांचा वकीलच होता.

काळा_कोट
मी वकिली सुरू केली तेव्हा मलाही कुणी सांगितलं नव्हतं. मोफत वकिलांच्या पॅनलवरच्या मानधनात 14 वर्षं रेफरन्स चालवून दाखवा, मग बोलू.

खंडपीठातली_नवखी
पॅनलवर आहे मी. मानधनाचं तुमचं खरं आहे.

तेरणाकाठ दादा, तुमच्या कामाचं सांगते. टक्केवारीचा वाद पुढं कधी घालायचा तो घाला, आधी हिशोब मागा. पक्षकाराच्या पैशाचा हिशोब वकिलानं ठेवलाच पाहिजे आणि मागितला की त्याची प्रत दिलीच पाहिजे, प्रतीचा खर्च घेऊन. हेही त्याच नियमांत आहे. कागदपत्रं फीसाठी अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं 2000 सालीच सांगितलंय. अर्ज अण्णांच्या नावानं करा, तुमच्या नाही. पक्षकार ते आहेत.

तेरणाकाठ
काल रात्री अर्ज लिहिला. अण्णांना वाचून दाखवला. दोनदा ऐकला. 'माननीय' शब्द आहे का विचारलं, मी आहे म्हणालो. मग म्हणाले, 'खाली लिही, आपली तब्येत कशी आहे.' लिहिलं. सही मात्र त्यांनी सकाळी करतो म्हणून ठेवली आहे.

जुना_मुन्शी
स्पीड पोस्टानं पाठवा. हातात देऊ नका. हातात दिलेलं माझ्यासारख्याच्या पिशवीत ऱ्हातं.