वारंवार सीटी स्कॅन, रेडिएशनची धास्ती आणि क जीवनसत्त्वाच्या गोळ्या : मदत हवी आहे

माझ्या धाकट्या भावाला (वय ३४) मुतखड्याचा जुना त्रास आहे. चार वर्षांत पोटाचे तीन सीटी स्कॅन झाले, चौथा पुढच्या महिन्यात करायला सांगितलाय. परवा त्याच्या उशाशी दोन डब्या दिसल्या. एकीत क जीवनसत्त्व, १००० मिलिग्रॅमची गोळी, रोज दोन. दुसरीत ई जीवनसत्त्व, ४०० युनिट. विचारलं तर म्हणाला, "ताई, रेडिएशनने पेशींचं जे नुकसान झालंय ते याने भरून निघतं." दोन महिने घेतोय आणि डॉक्टरांना सांगितलेलंच नाही.

त्याची भीती मला कळते. शेवटच्या रिपोर्टवर डीएलपी (त्या स्कॅनमध्ये यंत्राने दिलेल्या एकूण रेडिएशनचा आकडा) ६४० छापलंय. पोटाच्या स्कॅनसाठी त्याला ०.०१५ ने गुणतात, म्हणजे साधारण साडेनऊ मिलिसिव्हर्ट (शरीरावर होणाऱ्या रेडिएशनच्या परिणामाचं माप). निसर्गातून माणसाला वर्षाला मिळतं ते जगभरातलं सरासरी २.४. म्हणजे चार वर्षांचं एका दिवसात. हिशेब मांडला तेव्हा माझ्याही पोटात गोळा आला.

म्हणून वाचत बसले. क्ष-किरणांमुळे शरीरातल्या पाण्यापासून हायड्रॉक्सिल रॅडिकल (जवळच्या कशावरही लगेच तुटून पडणारे अस्थिर कण) तयार होतात आणि डीएनएचं बरंचसं नुकसान तेच करतात. इथवर भावाचं बरोबर. पण हे रॅडिकल टिकतात सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या हिशेबात! मग स्कॅन होऊन गेल्यावर महिनोन् महिने घेतलेली गोळी पकडणार कोणाला? तुटलेला डीएनए पेशी स्वतःच सांधतात आणि त्यातलं बहुतेक काम पहिल्या दिवसातच उरकतं. स्कॅनच्या आधी अँटिऑक्सिडंट (असे रॅडिकल निष्प्रभ करणारं द्रव्य, क आणि ई जीवनसत्त्व त्यातलीच) दिलं तर रक्तातल्या पेशींत डीएनए तुटल्याच्या खुणा कमी दिसतात, असे छोटे प्रयोग झालेत. त्याने पुढे कॅन्सर टळतो हे मात्र सिद्ध झालेलं नाही.

उलट ई जीवनसत्त्वाचं वाचून मी हादरलेच. अमेरिकेतल्या सिलेक्ट चाचणीत पुरुषांना रोज ४०० युनिटच दिलं होतं, भावाच्या डबीवर आहे तेवढंच. २०११ साली निष्कर्ष आला, की त्यांच्यात प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्क्यांनी वाढला.

आणि मुख्य काळजी वेगळीच आहे. जास्तीच्या क जीवनसत्त्वातलं काही शरीरात ऑक्झलेट होऊन लघवीतून बाहेर पडतं. भावाचा खडा तपासला होता तेव्हा तो कॅल्शियम ऑक्झलेटचा निघाला होता! म्हणजे स्कॅनच्या भीतीपोटी घेतलेल्या गोळीने खडा वाढायचा आणि खड्यापायी पुन्हा स्कॅन.

इथे कोणी रेडिओलॉजीत किंवा युरॉलॉजीत असेल तर कृपया सांगा:

खड्यासाठी कमी डोसचा सीटी असतो, तीन मिलिसिव्हर्टच्या आसपासचा. तो हवा असेल तर चिठ्ठीवर डॉक्टरांकडून नेमकं काय लिहून घ्यायचं? भाऊ अंगाने बारीक आहे, त्याला चालेल ना? नुसता खडा सरकला का एवढंच बघायचं असेल तर सोनोग्राफीवर भागतं का?

ज्यांना वारंवार खडे होतात त्यांचाही अनुभव हवाय. जुन्या स्कॅनची सीडी दाखवून नवा स्कॅन टळला, असं कोणाचं झालंय का?

आणि गोळ्यांबद्दल त्याला कसं समजवावं? मी ओरडले तर तो लपवून घेईल. त्याला न दुखावता डॉक्टरांसमोर हा विषय कसा काढू? स्कॅनआधीची भेट येत्या गुरुवारी आहे, मी सोबत जाणार आहे.