धंदा सुटेल तेव्हा हातात काय राहील? पिग्मी, सोनं आणि गावचं घर

पिग्मीवाली
पुण्यातल्या बुधवार पेठेच्या वेश्यावस्तीत एका पतसंस्थेची पिग्मी, म्हणजे रोजची छोटी बचत, दारोदार जाऊन गोळा करते, त्यामुळे हा विषय माझ्यासमोर रोजचाच. दुपारी चारला गल्लीत शिरते तेव्हा बायकांची वेणीफणी चाललेली असते. कुणी उशाखालून शंभराची नोट काढते, कुणी पदराच्या गाठीतून. मशीनमधून निघालेली पावती ब्लाउजमध्ये जाते आणि घामाने रात्रीपर्यंत तिच्यावरचं अक्षर उडून जातं.

"यांना इथून बाहेर काढा" म्हणणारे पुष्कळ भेटतात. बाहेर पडल्यावर ती खाणार काय, याचा हिशेब कुणी मांडत नाही. या धंद्यात जी काय कमाई असते ती तिशीपर्यंत. चाळिशीकडे गिऱ्हाईक तुटतं. आणि पेन्शन मिळणार साठीला. अटल पेन्शनमध्ये पस्तिसाव्या वर्षी नाव घातलं तर ५,००० रुपयांच्या पेन्शनसाठी महिन्याला ९०२ रुपये, तेही साठ होईपर्यंत भरत राहायचे. चाळीशीनंतर ते ९०२ आणायचे कुठून, आणि मधली वीस वर्षं काढायची कशावर?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. पैसा स्वतःच्या नावावर, लागेल तेव्हा काढता येईल असा ठेवावा. त्यातून पुढे खोलीचं डिपॉझिट, शिलाई मशीन, खानावळीचं सामान असं काही उभं राहतं. गावच्या घरात मात्र रुपया घालू नये. निम्म्या बायकांची कमाई तिथेच गडप होते.

खडूसकाका
ताई, हेतू चांगला आहे, पण हे प्लॅनिंग करायचं कशाचं? अधियावर बसणाऱ्या बाईची अर्धी कमाई घरवालीची, म्हणजे कोठा चालवणारीची. उरलेल्यात खोलीचं भाडं, जेवण, डॉक्टर, वर पोराच्या वसतिगृहाची फी. बहुतेकींच्या डोक्यावर महिना शेकडा दहाचं कर्ज. २०,००० उचलले तर २,००० नुसतं व्याज, मुद्दल जागच्या जागी. एकीकडे हे भरायचं आणि दुसरीकडे तुमच्याकडे पिग्मी टाकून वर्षाला चार-पाच टक्के मिळवायचे, हा कुठला शहाणपणा? आधी सावकार मिटवा. बाकी पगारदारांना सांगायच्या गोष्टी इथे नकोत.

संस्कारी_मावळा
अशा योजना काढून त्या धंद्याला प्रोत्साहनच मिळतं. सरळ बंद करा.

वकीलीण_नागपूर
@संस्कारी_मावळा, बंद करून बघितलंय की. ऑगस्ट २०२१ मध्ये आमच्याकडे नागपुरात गंगाजमुना ही वेश्यावस्ती पोलिसांनी सील केली. रातोरात कमाई थांबली. जिच्याकडे चार पैसे बाजूला होते तिला विचार करायला सवड मिळाली, जिच्याकडे नव्हते तिने अजून चढ्या व्याजाने उचलले. कर्ज घेतलेली बाई धंदा सोडत नसते.

कृष्णाकाठ
खडूसकाका, कर्ज आधी मिटवावं हे कबूल. पण ज्यांच्याकडे उरतच नाही त्यांनी काहीच करू नये, हे पटत नाही. कोलकात्याच्या सोनागाछी या वेश्यावस्तीतल्या बायकांनी १९९५ मध्ये स्वतःची 'उषा' सहकारी पतपेढी काढली. नोंदणीच्या वेळी चारित्र्याची अट आडवी आली, तेव्हा गृहिणी म्हणून नोंदवा असं सुचवण्यात आलं. त्यांनी ठाम नकार दिला आणि आपल्या धंद्याच्या नावानेच नोंदणी मिळवली. बचत होतीच, पण खरा उपयोग सावकाराऐवजी तिथून कर्ज काढण्याचा झाला. म्हणजे तुमचं "आधी सावकार" हेच काम पतपेढीने केलं.

अजून एक. सगळ्याच "सोडायच्या" विचारात असतात हे कुणी ठरवलं? आमच्या सांगलीतल्या संघटनेच्या बायका म्हणतात, म्हातारपणाची तरतूद हमालालाही लागते, आम्हालाही लागते. सोडशील तरच मदत, ही अट कशाला?

खडूसकाका
अट सरकारच घालतं ना! संजय गांधी निराधार योजनेत "वेश्याव्यवसायातून मुक्त केलेल्या महिला" बसतात. करत असलेली बसत नाही, आपणहून थकून थांबली तर तिला कोण 'मुक्त' केलं म्हणून लिहून देणार? आणि मिळतात १,५००. पुण्यात खोलीचं भाडंसुद्धा निघत नाही त्यात.

आणि पिग्मीवाली, एक रोखठोक प्रश्न. बँक बुडाली तर ५ लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेला तो नाही. हे तुम्ही त्या बायकांना सांगता का? तुम्हाला तर कमिशन मिळतं.

पिग्मीवाली
कमिशन मिळतं, लपवत नाही. विमा नाही हेही सांगते. म्हणूनच खात्यात मोठी रक्कम साठू देत नाही, वर्ष भरलं की उचलून पोस्टात किंवा राष्ट्रीयीकृत बँकेत टाकायला लावते. पण बँकेचा माणूस त्या गल्लीत शिरेल का? एका बाईबरोबर खातं उघडायला गेले, तर काउंटरवरच्या साहेबांनी "काय काम करता?" हे तीनदा विचारलं, तिसऱ्यांदा मुद्दाम मोठ्याने. ती परत गेली नाही. माझ्याकडे मात्र रोज शंभर टाकते.

वकीलीण_नागपूर
कागदपत्रांचं थोडं. १९ मे २०२२ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की पत्त्याचा पुरावा नसला तरी राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर आधार कार्ड द्यायचं, आणि कार्डावरून धंदा कळता कामा नये. आधार झालं की पुढची दारं उघडतात. लॉकडाऊनच्या वर्षी, २०२० मध्ये, राज्याने या बायकांना ऑक्टोबर ते डिसेंबर दरमहा ५,००० रुपये जाहीर केले, शाळकरी मुलं असतील तर २,५०० जादा. जिचं स्वतःचं खातं, तिचं काम सोपं. बाकीच्या दुसऱ्याच्या खात्याच्या शोधात.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. १९५६ च्या अनैतिक व्यापार कायद्याचं कलम ४ म्हणतं, बाईच्या या कमाईवर जाणूनबुजून जगणारी १८ वर्षांवरची कुठलीही व्यक्ती गुन्हेगार, दोन वर्षांपर्यंत कैद. कलम दलालांसाठी केलेलं. पण कॉलेजात शिकणारा मुलगा आईबरोबर जॉइंट खात्यात असला तर तो त्यातून आपोआप सुटत नाही. म्हणून खातं एकटीचं ठेवा, मुलाला नॉमिनी करा. आणि नॉमिनी म्हणून 'मालका'चं, म्हणजे नवऱ्यासारखा सोबत राहणाऱ्या पुरुषाचं नाव तर अजिबात टाकू नका.

आक्का_मिरज
भाचीकडनं टायपून घेतेय, चुकलं तर समजून घ्या. हितं सगळी घराला नावं ठेवतायत म्हणून लिवते. बाई, तू पिग्मी गोळा करून सांजच्याला आपल्या घरी जातीस. आमी कुटं जायचं? जत तालुक्यात मी चार खोल्या बांधल्या, वर पत्रा. त्या घरावर माज्या भाच्यांची लग्नं झाली. सोयरे आले, जेवले, कुणी हात झटकून उठलं न्हाई. तुजी पिग्मी पंगतीत मान देती का?

मी देवदासी. आमच्याकडं देवाला सोडल्याल्या लेकीला मुलाचा हक्क. बाप गेला तवा पाणी मीच पाजलं. आनि सोनं म्हणशीला तर लॉकडाऊनमदी माजं गंठण गहाण टाकूनच सा जणींची चूल पेटली. कुटली ब्यांक तवा उघडी हुती आमाला?

कृष्णाकाठ
आक्का, शंभर टक्के. हेच शहरातल्या सल्लागारांना कळत नाही.

पिग्मीवाली
आक्का, मान कळतो मला. पण तुमच्यासारख्या निभावलेल्या किती? माझ्याकडच्या एकीने वीसेक वर्षं पैसे पाठवून दुमजली घर बांधलं. गुडघे गेल्यावर गावी गेली, तर वहिनीने पंधरा दिवसांत सांगितलं, मुलींची स्थळं यायचीत, तुम्ही पुण्यातच बऱ्या. आता त्याच गल्लीत दुसऱ्यांची पोरं सांभाळते आणि भांडी घासते. पैसा खात्यात असता तर निदान वेगळी खोली तरी घेतली असती.

खडूसकाका
या एका बाबतीत मी आक्कांच्या बाजूने. खात्यातला पैसा मुलगा, मालक, पोलीस, आजार, कुणीही उपसतो. भिंती रात्रीत संपत नाहीत. वाद घराचा नाहीच, घर कुणाच्या नावावर आहे त्याचा आहे.

वकीलीण_नागपूर
आक्का, जागा वडिलांची होती की भावाने नंतर घेतली? ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला, म्हणजे घरांच्या नोंदवहीत, कुणाचं नाव आहे? वडिलोपार्जित असेल तर २००५ च्या दुरुस्तीनंतर लेकीचा वाटा मुलाइतकाच, देवाला सोडलेली असो वा नसो. भावाने स्वतःच्या नावावर विकत घेतली असेल तर अवघड. "पैसे माझे होते" म्हणून कोर्टात गेलात तर बहुतेक वेळा बेनामी कायदा (पैसे एकाचे, नाव दुसऱ्याचं अशा खरेदीविरुद्धचा) आडवा येतो. पैसे पाठवल्याचे काही पुरावे आहेत?

आक्का_मिरज
जागा बापाचीच हाय. पैसं जतच्या एस्टीच्या ड्रायवरकडं द्यायचो, पुरावा कसला. भाऊ गुणाचा हाय माजा. नमुना का काय ते कदी बगितलं न्हाई.

वकीलीण_नागपूर
मग एकच विचारते. कधी हक्कसोडपत्रावर, म्हणजे आपला वाटा सोडल्याच्या कागदावर, सही दिलीय का?

आक्का_मिरज
सही येत न्हाई मला. सोसायटीचं कर्ज काढायचं म्हणून भावानं जतला नेऊन एका कागदावर अंगठा घेतल्याला, फोटो बी काडला हुता. त्यो कर्जाचाच असंल की.

वकीलीण_नागपूर
सोसायटीच्या कर्जाचा असेल तर सोसायटीत नोंद सापडेल. फोटो दुय्यम निबंधकाच्या कचेरीत काढला असेल तर मात्र तो दस्त नोंदवलेला असणार, आणि त्याची नक्कल तुम्हाला मिळू शकते. भाचीला घेऊन जा, भावाला आत्ताच काही बोलू नका. मला व्यनि (खासगी निरोप) करा, काय मागायचं ते लिहून देते.

पिग्मीवाली
आणि तोवर पत्र्याच्या जागी स्लॅब टाकायला पैसे पाठवू नका, आक्का.

आक्का_मिरज
स्लॅबचं तुला कुनी सांगितलं गं? सिमेंट तर येऊन पडलंय.