मदत हवी आहे: बाळाच्या जीनोम तपासणीला होकार द्यावा का?

नमस्कार मंडळी. आम्ही इंग्लंडमध्ये राहतो, बायकोला आठवा महिना लागलाय. इथे 'जनरेशन स्टडी' चालू आहे. 1 लाख नवजात बाळांचा संपूर्ण जीनोम (म्हणजे शरीरातली सगळी जनुकीय माहिती) वाचून 200 हून जास्त दुर्मीळ आजार शोधायचे, तेही लवकर कळले तर उपचार होणारे. रक्त बहुतेक वेळा नाळेतूनच घेतात, बाळाला टोचावं लागत नाही. फॉर्म आठवडाभर फ्रिजवर लावून ठेवलाय.

माझं मन होकाराकडे आहे. मामेभावाच्या मुलाचं बुबुळ फोटोत पांढरं चमकायचं, आम्ही फ्लॅशमुळे असेल म्हणत राहिलो. रेटिनोब्लास्टोमा (डोळ्याचा कर्करोग) निघाला, एक डोळा गेला. त्या आजाराचा आनुवंशिक प्रकारही या यादीत आहे.

बायकोची काळजी वेगळी. माहिती मूल 16 वर्षांचं होईपर्यंत जपून ठेवतात, मग ते स्वतः ठरवणार. तोवर त्याच्या वतीने आपण हो म्हणायचं? शिवाय जगातला बराचसा जीनोम डेटा युरोपीय वंशाच्या लोकांचा. आपल्या मुलांचा अहवाल तितकाच भरवशाचा येतो का?

कोणी यात भाग घेतलाय का? निकाल आल्यावर कोणी नीट समजावून सांगितलं का? ग्रुपवर जनुकशास्त्रातले डॉक्टर असतील तर प्लीज सांगा. बुधवारी मिडवाइफला उत्तर द्यायचंय.