घरातलं कुणी पडलंय का? सातारा-सांगलीकरांनो, अनुभव लिहा

गावभाग, सांगली
गेल्या पावसाळ्यात आई न्हाणीत घसरली, मनगट मोडलं. प्लास्टर घालताना डॉक्टरांनी विचारलं, "आजी, याआधी कधी पडलाय का?" आई ठामपणे म्हणाली, "छे!" घरी आल्यावर शेजारच्या काकूंनी सांगितलं, तीन महिन्यांतली ही तिसरी खेप. आम्हाला कळलं असतं तर कृष्णाकाठच्या गणपतीला एकटीनं जाणं बंद झालं असतं, म्हणून ती गप्प बसली. खोटं कशाला बोलू, आम्ही बंद केलंच असतं.

तुमच्याकडे कोण, कुठं, कशानं पडलं आणि नंतर घरात नेमकं काय बदललं ते लिहा. नुसतं 'काळजी घ्या' नको.

करंजे, सातारा
वडील 76 वर्षांचे, निवृत्त मास्तर. बीपीची गोळी जुनीच, त्यात प्रोस्टेटची नवी सुरू झाली. आठवड्याभरात पहाटे लघवीला उठले आणि कॉटपाशीच कोसळले. आम्ही फरशीला दोष देत बसलो. डॉक्टरांनी आधी झोपवून बीपी घेतला, वरचा आकडा 142. मग उभं करून दोन मिनिटांनी घेतला, तर 112! उभं राहिल्यावर 20 नं उतरला तरी ते लक्षात घेतात म्हणे, इथं तर 30. गोळ्या तुमच्या मनानं बंद करू नका असं बजावून त्यांनीच डोस आणि वेळा बदलून दिल्या.

आता वडील उठले की कॉटच्या कडेला पाय सोडून बसतात, पावलं वर-खाली हलवतात आणि एकोणतीसचा पाढा म्हणतात. चुकला तर परत पहिल्यापासून. मगच उभे राहतात. पहाटे चारला घरभर 'एकोणतीस सक्क' ऐकू येतं, पण त्यानंतर पडलेले नाहीत.

वाई
आमचा जुना वाडा. माजघराचा उंबरा चांगला वीतभर उंच. सासूबाई दिवे गेले असताना त्यालाच अडखळल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. उंबरा काढायचा विषय काढला तर मामंजी दोन दिवस बोलले नाहीत. शेवटी उंबऱ्यावर आणि जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळा पट्टा मारला, आणि माणूस जवळ आला की आपोआप लागणारा बॅटरीचा दिवा बसवला. पट्ट्यावर रांगोळीची दोन बोटं ओढायची परवानगी मामंजींनी दिली आहे.

कराड
आईला 20 वर्षांची शुगर. पायातली चप्पल सुटली तरी तिला कळत नाही, एवढी तळव्याची जाणीव गेलीय. मागं पट्टा असलेली सँडल घेतली. बाकी काही केलं नाही.

तासगाव
पडणारा मीच, वय 78. बागेच्या बांधावर तोल गेला, खरचटलं फक्त. पण पोरांनी आणि सुनांनी 'आण्णा, बसा', 'आण्णा, जपून' करून मला खुर्चीला खिळवला. तीन महिन्यांनी बघतो तर मांड्या लटपटायला लागलेल्या, संडासातनं उठताना भिंत धरावी लागायची. आता सकाळ-संध्याकाळ हात न टेकता खुर्चीतनं दहा वेळा उठबस करतो. आधी चार जमायच्या. नातू मोजतो, आणि फसवतो पण.

मिरज
मी फिजिओथेरपिस्ट आहे. आण्णा, बरोबर करताय, फक्त खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. काठीबद्दल लिहायचं राहू नये म्हणून सांगते. माझ्याकडे येणारे बरेच जण दुखऱ्या पायाच्याच बाजूला काठी धरतात. ती दुसऱ्या हातात हवी. हात सरळ सोडून उभं राहिलं की मूठ मनगटाशी यावी. खालचं रबरी बूच झिजून गुळगुळीत झालं की ते बदलायचं, किरकोळ पैशांत मिळतं. माझ्या स्वतःच्या वडिलांचं बूच मात्र ते घसरल्यावरच मी उलटं करून पाहिलं. आणि न्हाणीत धरायला म्हणून टॉवेलच्या दांडीवर विसंबू नका. ती टॉवेलापुरतीच असते. माणसाचं वजन पेलणारा बार भिंतीत पक्का ठोकून घ्यावा लागतो.

गावभाग, सांगली
मिरजकर ताई, तुमचं वाचून आत्ताच न्हाणीत जाऊन दांडी ओढून बघितली. स्क्रूसकट हातात आली. आई दारात उभी होती. म्हणाली, "अरे, मी रोज तीच धरून उठते."