एचडी ६०० आणि एचडी ६५०: फरक नेमका कुठे?

एचडी ६५० हा हेडफोन म्हणजे एचडी ६००चाच दबलेला आवाज, हे मत मला अर्धेच पटते. सेनहायझर कंपनीने १९९७ साली आणलेला एचडी ६०० आणि २००३ साली आलेला एचडी ६५० हे दोन्ही ओपन-बॅक (मागून उघडे) हेडफोन ३०० ओहम इम्पिडन्सचे (विद्युतप्रवाहाला होणाऱ्या विरोधाचे) आहेत. एचडी ६५०मध्ये वरचा बास (खालच्या स्वरांचा वरचा भाग) किंचित भरीव आहे आणि ट्रेबल (उंच स्वर) जरा मागे राहतो, त्यामुळे चेलोला अंग येते. मात्र व्हायोलिनच्या तारेवर गज घासल्याची खरखर एचडी ६००वर अधिक स्पष्ट ऐकू येते. याला मी दोष न म्हणता स्वभावभेद म्हणेन.

तुलना करताना कानाच्या गाद्यांकडे मात्र सर्रास दुर्लक्ष होते. गाद्या वापराने दबल्या की कान ड्रायव्हरच्या (आवाज निर्माण करणाऱ्या भागाच्या) जवळ जातो आणि स्वरांचा तोल बदलतो, म्हणून नवा एचडी ६०० आणि कित्येक वर्षे वापरलेला एचडी ६५० शेजारी ठेवून ऐकणारा माणूस बऱ्याच अंशी गाद्यांचीच परीक्षा घेत असतो. आवाजाची पातळीही मोजून सारखी करावी, कारण किंचित मोठा आवाज कानाला हमखास 'चांगला' वाटतो (मीही यात फसलो आहे). सेनहायझरचाच १५० ओहमचा एचडी ६६०एस या तुलनेत आणल्यास ही काळजी अधिकच घ्यावी लागते, कारण इम्पिडन्स वेगळा असल्याने एकाच व्हॉल्यूमला आवाजाची पातळी वेगळी येऊ शकते.