मदत हवी आहे : अमेरिकेतील शटडाउन आणि ९० दिवसांची नोटीस (ऑक्टोबर २०२५ मधील प्रश्नोत्तरे; हे शटडाउन १२ नोव्हेंबर २०२५ ला संपले)

मी पुण्यात राहून अमेरिकेतील एका लहान सीपीए (परवानाधारक लेखापाल) फर्मसाठी काम करतो आणि एनरोल्ड एजंट, म्हणजे परवानाधारक कर प्रतिनिधी, या नात्याने आयआरएसपुढे (अमेरिकेचे केंद्रीय कर खाते) अशिलांची बाजू मांडतो. निधी मंजूर न झाल्याने १ ऑक्टोबर २०२५ पासून तेथील सरकारी कामकाज बंद आहे. पहिले काही दिवस आयआरएसने हाताशी असलेल्या निधीवर काम रेटले. ८ ऑक्टोबरला मात्र सुमारे ३४,००० कर्मचाऱ्यांना, म्हणजे जवळपास निम्म्या मनुष्यबळाला, घरी बसवण्यात आले. करदात्यांच्या मुदती तेवढ्या कायम राहिल्या. मुदतवाढ घेतलेल्यांची १५ ऑक्टोबरची तारीखही जागची हलली नाही.

माझी अडचण एका अशिलाच्या नोटिशीची आहे. डॅलसमध्ये राहणाऱ्या या मराठी गृहस्थांनी नोकरीत मिळालेले कंपनीचे शेअर २०२३ मध्ये विकले. असे शेअर हाती येतात तेव्हा त्यांचे मूल्य पगारात धरून त्यावर कर कापला जातो; पण ब्रोकरच्या १०९९-बी या विक्रीच्या पत्रकात त्यांची खरेदी किंमत शून्य दाखवलेली होती. विवरणपत्रात ही विक्री आलीच नाही, म्हणून आयआरएसच्या संगणकाने विक्रीची सगळी रक्कम नफा धरली. घर बदलल्यामुळे सीपी२००० हे तफावत कळवणारे पहिले पत्र त्यांना मिळाले नाही आणि आता थेट सीपी३२१९ए ही नोटीस हाती आली आहे; तिच्याविरुद्ध टॅक्स कोर्टात, म्हणजे कर न्यायालयात, जाण्यास ९० दिवस मिळतात. खरा हिशेब मांडला तर कर जेमतेम काही शे डॉलर निघतो, मागणी मात्र दंडासह अकरा हजारांवर आहे. नोटिशीवरील शेवटची तारीख नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातील आहे.

अशिलाने मला प्रतिनिधी नेमल्याचा फॉर्म २८४८ फॅक्सने पाठवला आहे, परंतु त्याची नोंद होईपर्यंत मला ट्रान्सक्रिप्ट (आयआरएसकडील नोंदींचे उतारे) पाहता येत नाहीत, आणि फोनवर विचारावे तर पलीकडे माणूस नाही. कर प्रतिनिधींसाठीच्या आयआरएसच्या ऑनलाइन टॅक्स प्रो अकाउंटसाठी नोंदणीतील पत्ता अमेरिकेतील लागतो, माझा पुण्याचा. अशा स्थितीत कागदपत्रे आयआरएसला पाठवून वाट पाहावी, की थेट टॅक्स कोर्टात जावे? शटडाउनचे दिवस ९० दिवसांतून वगळले जातात, असे एका सहकाऱ्याचे म्हणणे आहे. ते खरे आहे काय?

आणखी एक प्रश्न. याच गृहस्थांच्या पत्नीने आयटीआयएनसाठी (सोशल सिक्युरिटी क्रमांक नसलेल्यांचा कर क्रमांक) डब्ल्यू-७ अर्जासोबत मूळ पासपोर्ट आयआरएसच्या ऑस्टिन येथील कार्यालयाला पाठवला आहे आणि डिसेंबरात सांगलीला त्यांच्या भावाचे लग्न आहे. काही मार्ग आहे का?

प्रतिसाद (न्यू जर्सीहून)

आपण प्रश्न नेमका मांडला आहे, म्हणून उत्तरही स्पष्ट देतो: वाट पाहू नये. नोटिशीला उत्तर म्हणून कागदपत्रे पाठवल्याने न्यायालयात जाण्याची मुदत वाढत नाही, हे एरवीही खरे असते. सध्या तर ती कागदपत्रे वाचायला कोणी बसलेलेच नाही. सहकारी म्हणतात ती तरतूद २०२१ मध्ये कायद्यात आली खरी, पण याचिका दाखल करण्याचे ठिकाण किंवा ऑनलाइन यंत्रणाच उपलब्ध नसेल, तर ती लागू होते. आयआरएसची दारे बंद असणे आणि न्यायालयाची बंद असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि न्यायालयाच्या डॉसन या ऑनलाइन यंत्रणेवर याचिका आजही दाखल करता येते. चालू असलेल्या खिडकीपाशी उभे राहून ती बंद होती असा दावा करता येणार नाही.

एनरोल्ड एजंटला केवळ त्या परवान्यावर टॅक्स कोर्टात उभे राहता येत नाही, त्यामुळे याचिका अशिलाने स्वतःच्या नावाने भरावी. शुल्क ६० डॉलर आहे. सोशल सिक्युरिटी क्रमांक याचिकेत कुठेही लिहू नये. त्यासाठी वेगळा फॉर्म आहे. विवाद ५०,००० डॉलरच्या आत असल्याने लघुप्रकरणाची सोपी पद्धत निवडता येईल, मात्र तिच्या निकालावर अपील नसते. अशी बहुतेक प्रकरणे पुढे आयआरएसच्या अपील विभागाकडेच जातात आणि तेथे खरेदी किमतीचा पुरावा दाखवून मिटतात. मुदत हुकली तरी फेरविचाराचा अर्ज उरतो, पण तोवर कर आकारला जातो, वसुलीची पत्रे सुरू होतात, आणि फेरविचार करणे हा आयआरएसच्या मर्जीचा भाग असतो.

ट्रान्सक्रिप्टसाठी आपल्या नोंदीची वाट पाहण्याचे कारण नाही. अशिलाला आयआरएसच्या संकेतस्थळावरील स्वतःच्या खात्यातून ते उतरवून घेता येतात. ही सेवा स्वयंचलित असल्याने चालू आहे. शेअर हाती आल्याच्या दिवसाचा भाव मात्र ब्रोकरच्या पूरक पत्रकातूनच घ्यावा लागेल.

पासपोर्टबाबत धीर धरण्यापलीकडे फारसे हाती नाही. तो हरवला असे कळवून नवा काढण्याचा मोह टाळावा, कारण तसे केल्यास जुना रद्द होतो आणि त्यातील व्हिसाही निकामी ठरू शकतो. पुढच्या वेळी मूळ पासपोर्ट टपालाने न पाठवता आयआरएसने मान्यता दिलेल्या प्रमाणित स्वीकृती एजंटाकडे न्यावा. तो तपासून तेथेच परत देतो.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. अशिलाला आजच खाते उघडायला सांगतो. शेवटच्या दिवशी डॅलसच्या वेळेनुसार मध्यरात्रीपर्यंत याचिका भरली तर चालेल ना?

प्रतिसाद (न्यू जर्सीहून)

नाही. वेळ वॉशिंग्टनची धरतात आणि डॅलस तिच्या एक तास मागे आहे. डॅलसमध्ये रात्रीचे अकरा वाजतानाच मुदत संपलेली असेल. निदान एक आठवडा आधी भरून घ्यावी.